गाडीने ‘विळे’ नीट म्हणावं म्हणून: स्विफ्टचं हेड युनिट, भाग ३

मागच्या नोंदीत नऊ इंची अँड्रॉइड हेड युनिट (डॅशवरचा गाण्यांचा आणि नकाशाचा पडदा) फ्रेममध्ये बसलं होतं आणि स्टिअरिंगवरची बटणं चालू झाली होती. त्यानंतरच्या चार महिन्यांत डॅश सात वेळा उघडला. गाडी तीच, २०१३ ची स्विफ्ट झेडडीआय, दुसऱ्या हातची. हेतूही एकच: ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या विळे गावाचं नाव गाडीतल्या नकाशाने नीट उच्चारावं.

आधी बॅटरीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा गाडी पाच दिवस सोसायटीत उभी होती. परत येऊन किल्ली फिरवली तर नुसता ‘टक’ असा आवाज. बॅटरी जेमतेम दीड वर्षाची. धक्का मारून गाडी चालू केली, बॅटरी पूर्ण चार्ज करून घेतली आणि संध्याकाळी निगेटिव्ह टर्मिनल सोडवून टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडला, १० अँपिअरच्या रेंजवर. दारं लावून, गाडी लॉक करून अर्धा तास थांबलो. हा अर्धा तास सोडू नका. लॉक केल्यावरही गाडीतली सगळी यंत्रणा लगेच झोपत नाही, आणि घाईत घेतलेलं रीडिंग उगाच घाबरवतं. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज गेलाच समजा.

अर्ध्या तासानंतरही आकडा ०.३८ अँपिअर. ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवं तिथे सातपटीहून जास्त. दिवसाला सुमारे ९ अँपिअर-अवर, म्हणजे पाच दिवसांत ४५. बॅटरीचा काहीच दोष नव्हता.

एकेक फ्यूज काढत गेलो. म्युझिक सिस्टीमचा फ्यूज काढला की आकडा एकदम खाली. युनिटचा कपलर (वायरींचा जोड) सोडवला तरी तो वरच, म्हणजे गळती युनिटच्या मागे कुठेतरी होती. शेवटी डाव्या सीटखाली पोचलो. तिथे आधीच्या मालकाच्या वेळेचा अँप्लिफायर होता आणि त्याची निळी-पांढरी वायर पिवळीला पिळून वर टेप गुंडाळलेला. नव्या मंडळींसाठी: पिवळीत बॅटरीचा करंट कायम असतो, लाल किल्लीबरोबर चालू-बंद होते, आणि निळी-पांढरी हा हेड युनिटने अँप्लिफायरला दिलेला ‘आता जागा हो’ असा निरोप असतो. तो निरोप पिवळीवरून गेला, तर अँप्लिफायर रात्रंदिवस जागा राहतो. ज्या कोणी हे जोडलं त्याने पाच मिनिटं वाचवली. पण भाग २ मध्ये सगळं वायरिंग तपासल्याचं मी लिहिलं होतं आणि सीटखाली हात घातला नव्हता, ही चूक माझी.

अँप्लिफायर सोडवल्यावर आकडा २४ मिलिअँपिअर. झोपलेल्या अँड्रॉइडसकट. एवढं मला मान्य आहे, कारण युनिट पूर्ण बंद ठेवलं तर दर वेळी चाळीस सेकंद बूट होत बसतं आणि झोपेतून दोन सेकंदांत उठतं.

आता प्रश्न असा की तो अँप्लिफायर परत नीट जोडायचा की काढूनच टाकायचा. मी काढला. दारातल्या चार साध्या स्पीकरांना त्याची गरज आहे का, याचा हिशोब करून पाहिला. युनिटच्या खोक्यावर ‘४ × ५० वॉट’ छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात, स्पीकर ४ ओहमचा. ब्रिज पद्धतीच्या, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं चालवणाऱ्या आउटपुटमध्ये सुरांच्या लाटेचं टोक फार तर त्या १४.४ पर्यंत जाणार. १४.४ चा वर्ग २०७.३६, त्याला २ गुणिले ४, म्हणजे ८ ने भागा. उत्तर २६ वॉट. खोक्यावरचे ५० येतात ते याच वर्गाला नुसत्या ४ ने भागून, म्हणजे आवाज पूर्ण फाटून लाटेचा चौकोन झाला तर. गाणं असं कोणी ऐकत नाही. खरे २६ आणि तेही वाजवण्याच्या मर्यादेवर.

युनिट उघडलं तर आत स्पीकर चालवणारा टीडीए ७३८८ हा चिप. त्याच बांध्याचा, २५ पायांचा टीडीए ७८५० मिळतो, तो बसवला. त्याच्या आउटपुटला मॉस्फेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) आहेत, त्यामुळे तो १४.४ च्या आणखी जवळ जातो. डेटाशीटवर १० टक्के डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज थोडा फाटू दिला तर, पहिला २६ वॉट देतो, दुसरा ३०. आकड्यात फरक थोडा आहे आणि कानाला चार वॉट कळणार नाहीत. कळतो तो फरक आवाज चढवल्यावर: आधी जिथे झांजा चिरक्या व्हायच्या तिथे आता होत नाहीत.

काम नाजूक आहे. चिप सरळ उपटायला जाऊ नका, बोर्डावरचे तांब्याचे पट्टे उचलले जातात. आधी बारीक कटरने २५ पाय कापले, चिप बाजूला केला, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने काढला आणि भोकं सोल्डर विकने (वितळलेलं सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या पट्टीने) साफ केली. यात रविवारची पूर्ण दुपार गेली. हीटसिंकची जागा घासून सपाट केली आणि थर्मल पेस्टचा पातळ थर दिला. पायांची रचना जुळते असं सगळे सांगतात, तरी दोन्ही डेटाशीट शेजारी ठेवून स्वतः पाहा. आणि चिप खात्रीच्या वितरकाकडूनच घ्या. स्वस्तातल्यावर नाव ७८५० चं असतं, आत काय असेल ते सांगता येत नाही.

मग टाइम डिले, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडणं. उजव्या दाराचा स्पीकर माझ्या कानापासून ९० सेंटिमीटर, डाव्याचा १४०. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ५० सेंटिमीटरला जवळपास दीड मिलिसेकंद. उजव्याला तेवढा उशीर लावला. तानपुरा आणि तबला लावून पाहिलं: आधी तबला माझ्या उजव्या गुडघ्याशी वाजायचा, आता समोर काचेखाली. पैसा न लागता एवढा बदल दुसऱ्या कशाने झालेला नाही.

जीपीएसची तक्रार मात्र तशीच होती. पौडच्या पुढे गाडी नकाशात शेतातून चालायची. अँटेना डॅशवर काचेखाली, आकाश मोकळं, तरी उपग्रह पाच-सहाच पकडत होता. सिग्नलची ताकद दाखवणारं ॲप लावून बसलो आणि गाडीतली एकेक वस्तू बंद करत गेलो. डॅशकॅमची पिन काढली आणि उपग्रह पाचचे चौदा झाले. जीपीएसचा सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर असतो आणि जमिनीवर पोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. शेजारी कॅमेऱ्याचा गोंगाट असला की तो त्यात बुडतो. अँटेना उलट्या टोकाला नेली, डॅशकॅमच्या वायरवर दोन फेराइट (असा गोंगाट अडवणारी कडी) चढवले. आता उपग्रह बारा-तेरा असतात. भाताण आणि कामशेतच्या बोगद्यांत सिग्नल अर्थातच तुटतो, बाहेर आल्यावर लगेच सापडतो.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते.

आम्ही वर्षातून चार-पाच वेळा ताम्हिणीतून माणगावला जातो. मुळशीच्या पुढे मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून नकाशा युनिटमध्येच हवा. मी ऑसमअँड हे नेटशिवाय चालणारं नकाशाचं ॲप वापरतो. महाराष्ट्राची वेगळी फाइल मिळते आणि नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच भरलेला असतो. पण आवाज इंग्रजी. तो ‘विळे’ला ‘व्हाइल’ म्हणायचा, कारण रोमन लिपीत ती अक्षरं तशीच दिसतात. पेणला ‘पेन’, वाईला ‘वाय’. आई मागच्या सीटवर असते. तिचं माहेर निजामपूरजवळचं. तिने एकदा विचारलं, “हे कोणतं गाव सांगतोय रे?” तिच्या स्वतःच्या रस्त्यावरचं गाव तिला ओळखू येत नव्हतं. मला ते फार लागलं.

दोन कामं होती. पहिलं, ॲपच्या व्हॉइस फोल्डरमधली हिंदीची फाइल कॉपी करून मराठी करणं. ही साधी मजकुराची फाइल असते: कोणत्या वळणाला कोणते शब्द आणि अंतर कसं बोलायचं, एवढंच तिच्यात. बोलायचं काम युनिटमधलं गूगलचं मराठी टेक्स्ट-टू-स्पीच (लिहिलेलं वाचून दाखवणारी सोय) करतं, त्याचा आवाज आधी डाउनलोड करून ठेवला की नेट लागत नाही.

शब्द बदलायला वाटलं एक तास लागेल. तीन संध्याकाळी गेल्या. हिंदीत अंतर आणि ‘में’ वेगळे चालतात, मराठीत ‘मीटरवर’ असं चिकटून यायला हवं, नाहीतर आवाज मध्येच अडखळतो. ‘कीप लेफ्ट’ला ‘बाएँ रहें’ होतं. मी आधी ‘डावीकडे राहा’ लिहिलं, पण कोणी कोणाला असा रस्ता सांगत नाही. आता आहे ‘फाट्याला डावा रस्ता धरा’. आणि अंतर: मूळ फाइल पूर्ण किलोमीटरमध्ये बोलते. मी तिच्यात अटी वाढवल्या, त्यामुळे १५०० मीटरच्या आसपास ती ‘दीड किलोमीटरवर’ म्हणते, पुढे ‘अडीच’ आणि ‘साडेतीन’. पहिल्यांदा ‘दीड किलोमीटरवर उजवीकडे वळा’ ऐकलं तेव्हा मी पार्किंगमध्ये एकटाच होतो आणि तेच वाक्य चार वेळा वाजवलं.

दुसरं काम गावांच्या नावांचं, आणि ते संपणारं नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर गावाच्या रोमन नावाशेजारी मराठी नावाची वेगळी जागा असते. ती भरलेली असेल तरच ॲप देवनागरी दाखवतं आणि आवाज नीट उच्चार करतो. आमच्या रस्त्यावरच्या कितीतरी वाड्यांना ती रिकामी होती. दुसऱ्या नकाशावरून उतरवायचं नाही, तो नियम आहे आणि योग्यच आहे. म्हणून गावच्या पाटीचा, शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या फलकाचा फोटो काढायचा आणि रात्री बसून भरायचं. जून-जुलैत पावसात थांबत थांबत एकतीस नावं भरली. एका ठिकाणी दोन पाट्यांवर ‘ल’ आणि ‘ळ’ असा फरक होता. टपरीवर विचारलं. काका म्हणाले, “अहो, ळ. ल बोर्ड रंगवणाऱ्याने केला.” ळ लिहिला.

नकाशाची नवी फाइल महिन्याला येते, म्हणून जुलैमध्ये भरलेलं ऑगस्टमध्ये गाडीत पोचलं. गणपतीला जाताना विळे हा मधला थांबा म्हणून टाकला होता. घाट उतरलो, धुकं मागे राहिलं, आणि आवाज आला की विळे आलं. ळ स्वच्छ. आई काही बोलली नाही, पुढच्या गावाचं नाव ऐकायला पुढे सरकून बसली.

राहिलेली कामं: दिवे लागले की स्क्रीन मंद करणारी नारिंगी वायर दिव्यांना जोडायची आहे, रात्री घाटात स्क्रीन डोळ्यांवर येते. मागच्या दारांना डॅम्पिंग (पत्र्याची थरथर अडवणारा थर). व्हॉइस फाइलमध्ये गोल चौकाचं वाक्य अजून लांब आहे, ‘दुसऱ्या रस्त्याने बाहेर पडा’ म्हणेपर्यंत आपण तिसऱ्यापाशी असतो. कोणाला आटोपशीर वाक्य सुचलं तर कळवा. आणि या महिन्यात माळशेज किंवा वरंधाच्या बाजूला जाणार असाल, तर दिसतील त्या पाट्यांचे फोटो काढून आणा. तिकडची मराठी नावं अजून मी उघडूनही पाहिलेली नाहीत.