टर्नवरचे ४० सेंट
लेस्टरमधली पावसाळी रात्र, लॅपटॉपवर दोन-पाच सेंटचं पोकर टेबल. (भारतातल्या मित्रांनो, तुमच्याकडे २०२५च्या कायद्याने हे बंद, माहीत आहे.) हातात बदामचा गुलाम आणि नव्वी, फ्लॉपवर (टेबलावरचे पहिले तीन उघडे पत्ते) दोन बदाम. टर्नला, म्हणजे चौथ्या उघड्या पत्त्याला, आली किलवर दुर्री. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) ६० सेंट, समोरच्याने लावले ४०. एरवी मी डोळे मिटून कॉल करतो, म्हणजे तेवढेच पैसे लावतो, कारण पाच बदाम जुळण्याची शक्यता म्हणून डोक्यात ३५ टक्के पक्के बसलेत. अरे, पण ते दोन पत्ते यायचे असतानाचे! आता एकच. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ९ बदाम, म्हणजे जेमतेम २० टक्के. ४० घालून १०० जिंकायचे तर हवेत २९ टक्के (१४०पैकी ४०). त्याच्याकडे उरलेले ३० मिळाले तरी तोटाच.

फोल्ड केलं, पत्ते टाकून दिले, चडफडत. बायकोला हा हिशोब सांगितला तर म्हणाली, "एवढ्यात भांडी झाली असती."