१५ हजारांच्या आत टीव्ही घेताना: माझा अनुभव

आमच्या घरचा जुना डबा टीव्ही गेल्या पावसाळ्यात बंद पडला आणि त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत, असे दारव्ह्याच्या मेकॅनिकने स्पष्ट सांगितले. सोयाबीन विकून आलेल्या पैशातून १५ हजार रुपये बाजूला काढायचे आणि तेवढ्यातच सपाट पडद्याचा टीव्ही बसवायचा, असे घरात ठरले. एवढ्या रकमेत मोठा पडदा, उत्तम चित्र, चांगला आवाज आणि खात्रीची दुरुस्ती हे सगळे एकत्र मिळत नाही. त्यामुळे कशावर पाणी सोडायचे आणि कशाबाबत अडून बसायचे, हे आधी ठरवणे भाग होते. खेड्यात हा हिशेब शहरापेक्षा बराच वेगळा निघतो, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

पहिला मोह मोठ्या पडद्याचा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपर्यंत तो आधीपासूनच १८ टक्के होता. साहजिकच दिवाळीच्या तोंडावर दुकानदार ४३ इंची टीव्ही पुढे करत होते आणि माझ्या मुलाचे मनही त्यावरच बसले होते. यवतमाळच्या एका दुकानात फारशा परिचित नसलेल्या कंपनीचा ४३ इंची फोर-के टीव्ही माझ्या रकमेच्या थोडाच वर होता. पडद्यावर समुद्रातले मासे आणि फुलांचे ताटवे इतके स्वच्छ दिसत होते की मन वळायला वेळ लागला नसता.

परंतु ते चित्र पेनड्राइव्हवरून चालले होते. आमच्या घरी डीडी फ्री डिश आहे. महिन्याचे पैसे लागत नाहीत म्हणून गावात बहुतेक घरांवर तीच छत्री दिसते. आमचा सेट-टॉप बॉक्स जुना आहे आणि पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिनांच्या वायरने जोडला जातो. त्यातून येणारे चित्र फार तर ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे असते. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात, म्हणजे आलेल्या एका ठिपक्याच्या जागी टीव्हीला सरासरी २० ठिपके भरावे लागतात. ते भरण्याचे काम टीव्हीतला प्रोसेसर करतो, आणि स्वस्त टीव्हीत किंमत कमी करताना कात्री लागते ती बहुधा तिथेच. मी दुकानदाराला विनंती केली, "भाऊ, फ्री डिशचा बॉक्स जोडून सह्याद्री लावून दाखवता का?" त्यांनी कुरकुर न करता तो जोडला. ४३ इंची पडद्यावर बातम्या सांगणाऱ्या बाईंचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत दिसू लागला आणि खालच्या पट्टीतली अक्षरे कडेने पिंजल्यासारखी झाली. शेजारच्या ३२ इंची, १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांच्या साध्या टीव्हीवर तेच चित्र पाहण्याजोगे होते. फोर-केचा विचार मी तिथेच सोडला.

त्याच दुकानात आणखी एक गोष्ट तपासली, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुकानात आपण टीव्हीसमोर उभे राहून पाहतो, घरी मात्र कोणी सतरंजीवर बसते, कोणी बाजेवर पडून पाहते, आणि आईची खाट तर टीव्हीच्या एका बाजूला आहे. म्हणून मी फरशीवर मांडी घालून बसलो आणि नंतर दोन्ही बाजूंना सरकून पाहिले. एका टीव्हीचे रंग बाजूने पाहताच फिके पडले. दुसऱ्यात खालून पाहिल्यावर चेहरे काळवंडले. तिसऱ्यात कोठूनही जवळजवळ सारखे दिसत होते. हा फरक पडद्याच्या जातीचा असतो. आयपीएस जातीचा पडदा बाजूने चांगला दिसतो, पण काळोख्या खोलीत त्याचा काळा रंग थोडा राखाडी वाटतो. व्हीए जातीचा काळा गडद असतो, पण बाजूने रंग उतरतात. खोक्यावर ही जात क्वचितच छापलेली असते, त्यामुळे आपल्या डोळ्यांवरच भरवसा ठेवावा लागतो. आईची खाट हलणार नव्हती, म्हणून मी आयपीएससारखा दिसणारा पडदा निवडला.

आई दुकानात आली नव्हती, पण तिने निघताना बजावले होते, "मले आवाज साजरा आयकू आला पायजे, बाकीचं तू पाय." सपाट टीव्हीचे स्पीकर बारीक असून बहुधा खाली तोंड करून बसवलेले असतात. खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यावरून काहीच कळत नाही, म्हणून मी गाणे न लावता बातम्या लावल्या आणि दुकानातला पंखा चालू ठेवून शब्द सुटे ऐकू येतात की नाही ते पाहिले.

खेड्यातला खरा प्रश्न विजेचा आहे. आमच्या गावठाणाची वीजवाहिनी (फीडर) शेतीपंपांपासून वेगळी असली तरी विजेचा दाब (व्होल्टेज) स्थिर राहत नाही, आणि वीज जाऊन परत येताना बसणारा झटका सर्वांत वाईट असतो. बहुतेक टीव्हींच्या पाठीमागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते, त्यामुळे कमी दाबाची फारशी चिंता नसते. भीती असते ती जास्त दाबाची. खांबावर न्यूट्रलची तार सैल झाली की २३० च्या जागी ४०० व्होल्टांच्या आसपास दाब घरात येऊ शकतो आणि मग टीव्हीचा पॉवर सप्लाय जळतो. यासाठी जास्त दाब आला की वीज तोडणारा स्टॅबिलायझर मी रकमेतच धरला, आणि त्यापायी टीव्हीची किंमत १३ हजारांच्या खाली आणली. वीज कडाडू लागली की प्लगबरोबर छत्रीची केबलही काढायची, हे घरातल्या सर्वांना दाखवून ठेवले आहे, कारण झटका त्या वाटेनेही येतो.

उन्हाचाही विचार करावा लागतो. मी पाहिलेल्या माहितीपुस्तिकांत टीव्ही ४० अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावा असे छापलेले होते, आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याखालची खोली तर विचारूच नये. सपाट टीव्हीचा पडदा स्वतः उजेड देत नाही, त्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात. त्या दिव्यांची जोडणी तोरणासारखी एकापुढे एक असते, त्यामुळे एक दिवा गेला की सारी माळ विझते, आवाज येतो आणि चित्र दिसत नाही. अशा वेळी अंधारात पडद्यावर तिरपी बॅटरी मारली आणि पुसट चित्र दिसले, तर पडदा शाबूत असून दोष पट्ट्यांत आहे असे समजावे. दारव्ह्याच्या मेकॅनिकने मला हे स्वतः करून दाखवले. त्यांचे म्हणणे असे, की पट्ट्या आणि बोर्ड तालुक्यातही बदलता येतात, अपरिचित कंपनीच्या टीव्हीलासुद्धा युनिव्हर्सल बोर्ड बसतो, पण पडदा फुटला किंवा त्यावर उभ्या रेषा आल्या तर खर्च टीव्हीच्या किमतीच्या आसपास जातो. म्हणून घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी दुकानातला भडक पिक्चर मोड बदलून बॅकलाइट, म्हणजे या पट्ट्यांचा उजेड, निम्म्यावर आणला. चित्र पाहून डोळे निवतात आणि दिवेही कमी तापतात.

स्मार्ट टीव्हीवर मी फार वेळ घालवला नाही. या किमतीत बहुधा एक जीबी रॅमच, म्हणजे ॲप चालवायची तोकडी मेमरी, मिळते, आणि गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एचडी चित्र तासभर पाहिले तर रोजच्या दीड जीबीतला मोठा भाग संपतो. पुढे कधी चांगले इंटरनेट आले तर टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी स्टिक लावता येईल, असे मुलाला समजावले. त्याचे पूर्ण समाधान झालेले नाही.

तोच टीव्ही ऑनलाइन हजार-बाराशेंनी स्वस्त दिसत होता. मी दुकानातूनच घेतला, कारण परत पाठवण्याची वेळ आली तर आमच्या पिन कोडवर न्यायला कोण आणि कधी येईल याची खात्री वाटली नाही. दुकानदाराने मात्र खोके उघडून, पूर्ण पांढरे चित्र लावून एकही मेलेला ठिपका नसल्याचे दाखवले. जीएसटीचे पक्के बिल घेतले, त्यावर टीव्हीचा अनुक्रमांक लिहून घेतला आणि हमीपत्रावर तारखेसह शिक्का मारून घेतला. हे कागद नसतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली तरी ती पुढे रेटणे अवघड जाते. गाडीत खोके उभेच ठेवून आणले; आडवे ठेवले की खड्ड्यांच्या रस्त्यावर पडद्यावर ताण येतो.

घराची भिंत मातीची असल्याने स्टँडचे खिळे तिथे धरणार नव्हते, म्हणून टीव्ही टेबलावर ठेवला आहे. पाय दोन्ही टोकांना असल्यामुळे जुने अरुंद टेबल पुरले नाही आणि सुताराकडून फळी रुंद करून घ्यावी लागली. मागे वीतभर जागा सोडली आहे आणि कूलरचा ओला वारा थेट लागणार नाही, असा कोपरा निवडला आहे. हमी एका वर्षाची आहे. ती संपायच्या महिनाभर आधी अंधारात पूर्ण पांढरे आणि पूर्ण काळे चित्र लावून पडदा पुन्हा एकदा तपासणार आहे आणि कुठे काळपट डाग दिसला तर तेव्हाच तक्रार नोंदवणार आहे.