सातव्या कोड्यातील चार घरे

गेल्या जानेवारीत सातारा जिल्ह्यातील एका शाळेत तर्ककोड्यांची आंतरशालेय स्पर्धा होती आणि तिची प्रश्नपत्रिका मी तयार केली होती. बारा कोडी, नव्वद मिनिटे आणि सातवी ते नववीचे शंभराहून थोडे अधिक विद्यार्थी. स्पर्धा सुरू होऊन तासाभराला काही मिनिटे कमी असतील, तेव्हा दुसऱ्या वर्गावरच्या पर्यवेक्षक बाई परीक्षकांच्या खोलीत आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, एक मुलगी आपला कागद सारखा उलटा करून बघते आहे. शेजारणीला काही दाखवते आहे असे वाटत नाही, पण तुम्ही एकदा येऊन बघा."

खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर ती आठवीतील मुलगी बसली होती. पत्रिका खालची बाजू वर करून तिने समोर ठेवली होती आणि पेन्सिलीच्या टोकाने ती घरे मोजत होती. स्पर्धेच्या वेळेत कोड्यांविषयी प्रश्न विचारायचे नाहीत, हा नियम आम्ही सुरुवातीलाच वाचून दाखवला होता; त्यामुळे मला पाहून ती काही बोलली नाही, तिने फक्त कागद सरळ केला आणि सातव्या कोड्याच्या समासावर बोट ठेवले. तिथे बारीक अक्षरात तीन ओळी होत्या : "(४,२) (४,७) (६,२) (६,७) मध्ये ३ आणि ७ दोन्ही प्रकारे बसतात. दिलेले अंक २५ आहेत, मधले घर रिकामे आहे, म्हणजे सम हवे होते. (४,३) ला जोडी नाही, (६,७) मध्ये अंक छापायचा राहिला का?"

सातवे कोडे नेहमीचे नऊ बाय नऊचे सुडोकू होते : प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि तीन बाय तीनच्या चौकटीत १ ते ९ हे अंक एकेकदाच भरायचे. कंसातला पहिला आकडा आडव्या ओळीचा, दुसरा उभ्या स्तंभाचा. तिने लिहिलेले खरे आहे की नाही, हे पडताळण्यासाठी मला संगणक उघडण्याची गरज नव्हती, कारण ती चार घरे मी चांगली ओळखत होतो.

मी सुडोकू हाताने रचतो. आधी कोरी जाळी घेऊन अंक कोणत्या घरांत द्यायचे, तेवढ्या घरांवर खुणा करतो. मग एकेक अंक ठेवत जातो आणि प्रत्येक वेळी सोडवणाऱ्याच्या जागी बसून, आता यावरून काय काय ठरते, ते पाहतो. हे कोडे रचताना पंचविसावा अंक ठेवल्यावर सारी जाळी भरली आणि फक्त चार घरे अडून राहिली. चौथ्या ओळीतील दुसरे आणि सातवे, सहाव्या ओळीतील दुसरे आणि सातवे, आणि चारही घरांत ३ किंवा ७. ही चार घरे दोन ओळींत, दोन स्तंभांत आणि तीन बाय तीनच्या दोनच चौकटींत येत असल्यामुळे त्यांतील ३ आणि ७ यांची अदलाबदल केली, तरी कोणत्याही ओळीत, स्तंभात किंवा चौकटीत काहीच बिघडत नाही. उरलेल्या ७७ घरांकडे कितीही वेळ पाहिले, तरी ती या अदलाबदलीविषयी काहीही सांगू शकत नाहीत. म्हणून अशा चौघांपैकी एका घरात तरी अंक द्यावाच लागतो. खुणा केलेल्या घरांपैकी (६,७) हे एकच घर मी शेवटपर्यंत राखून ठेवले होते; दिलेल्या अंकांत ३ कमी वेळा आला होता, म्हणून मी तिथे ३ ठेवला. तो सव्विसावा अंक होता, आणि मुलांच्या हातातील कागदावर तोच नव्हता.

तिने ती जागा कशी हेरली, हे समजण्यासाठी सुडोकूची एक जुनी रीत माहीत असायला हवी. अमेरिकेतील निवृत्त वास्तुविशारद हॉवर्ड गार्न्स यांचे हे कोडे १९७९ साली तिथल्या एका कोड्यांच्या मासिकात 'नंबर प्लेस' या नावाने प्रथम आले, तेव्हा दिलेले अंक जाळीत कसेही विखुरलेले असत. १९८४ साली जपानमधील निकोली या प्रकाशनसंस्थेने ते छापायला घेतले, माकी काजी यांनी त्याला आजचे नाव दिले, आणि पुढे निकोलीने आपल्या रचनाकारांवर दोन बंधने घातली : दिलेले अंक ३२ पेक्षा जास्त नसावेत, आणि ते ज्या घरांत असतील त्या घरांची मांडणी सममित असावी. म्हणजे कागद अर्धा फेरा फिरवून उलटा धरला, तरी भरलेली घरे भरलेल्या घरांवरच पडावीत. प्रत्येक दिलेल्या अंकाला मध्यबिंदूच्या पलीकडे एक जोडीदार असतो. फक्त मधोमधचे घर स्वतःचेच जोडीदार असते. ते रिकामे असेल, तर दिलेल्या अंकांची संख्या समच असायला हवी. या सममितीचा तर्काशी काही संबंध नाही. मांडणी बेढब असूनही उत्तम कोडे होऊ शकते. तरीही मी ती कसोशीने पाळतो, कारण सममित जाळी पाहताक्षणी कळते की हे कोडे कोणीतरी बसून, मन लावून रचले आहे. ही रीत कोणत्याही विद्यार्थ्याला मी सांगितलेली नव्हती. पत्रिकेतील आणखी दोन सुडोकूंवरून तिने ती स्वतः ओळखली होती.

मी खोलीत परत येऊन मूळ फाइल आणि छापील पत्रिका शेजारी ठेवल्या. फाइलमध्ये ३ होता. छापखान्यात इंग्रजी अंकांचे देवनागरी अंक करताना जाळ्या नव्याने भरल्या गेल्या होत्या आणि त्यात तो गळला होता. पहिले प्रूफ मी बारकाईने तपासले होते. ते इंग्रजी अंकांतच होते. अंक बदलल्यानंतरचे प्रूफ रात्री उशिरा आले, तेव्हा मी फक्त शीर्षके, गुण आणि सूचना पाहिल्या व छपाईला संमती दिली. आदल्या आठवड्यात संगणकाच्या प्रोग्रॅमने कोड्याला एकच उत्तर असल्याचे दाखवले होते, त्यावर मी निश्चिंत होतो. प्रोग्रॅमने तपासलेले कोडे वेगळे होते आणि मुलांपुढे ठेवलेले वेगळे होते.

बाहेरच्या माणसाला ही बाब किरकोळ वाटू शकते. ८१ पैकी एक अंक गळला, चार घरे अडली, एवढेच. परंतु कोड्याला एकच उत्तर आहे आणि तिथे अंदाज न करता पोहोचता येते, एवढ्या एका शब्दावर सोडवणारा आपला सारा वेळ आमच्या हवाली करतो. मुरलेले स्पर्धक तर या शब्दाचाच पुरावा म्हणून वापर करतात. अशा चार घरांपैकी तीन घरांत ३ आणि ७ हेच पर्याय उरले असतील, तर चौथ्या घरात ३ किंवा ७ येणारच नाही, कारण आला तर दोन उत्तरे होतील आणि रचनाकाराने तसे होऊ दिले नसणार, असे म्हणून ते बेधडक पुढे जातात. २००८ साली गोव्यात तिसरी जागतिक सुडोकू स्पर्धा झाली, तिच्या बातम्या वाचून मी या विषयाकडे वळलो आणि पहिल्यांदा ही युक्ती समजली, तेव्हा मी थक्क झालो होतो. रचणाऱ्याला कधीही न भेटलेला माणूस त्याच्या प्रामाणिकपणावर इतका विसंबतो, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते.

स्पर्धेची अठ्ठावीस मिनिटे उरली होती. वर्गांत जाऊन चूक जाहीर करावी की नाही, यावर आम्ही चौघे परीक्षक बोललो. मध्येच घोषणा केली तर सर्वांचे लक्ष विचलित होईल, आणि ज्यांनी सातवे कोडे अजून हातात घेतलेले नाही त्यांना अनाठायी फायदा मिळेल, असे ठरून आम्ही गप्प राहिलो. तो निर्णय माझ्या मते चुकला. नंतर पत्रिका पाहताना दोन मुलांनी त्या चार घरांपाशी कागद फाटेपर्यंत खोडल्याचे दिसले. घोषणा झाली असती, तर त्यांना पुढच्या कोड्याकडे वळता आले असते.

तपासणीच्या वेळी वेगळाच पेच उभा राहिला. सातवे कोडे चाळिसेक मुलांनी पूर्ण भरले होते. त्यांतील निम्म्याहून थोड्या अधिक मुलांचे उत्तर माझ्या उत्तराशी जुळत होते आणि बाकीच्यांनी ३ व ७ उलट बसवले होते. दोन्ही उत्तरे नियमांत बसत असल्यामुळे दोन्हींना पूर्ण गुण द्यावेत, यावर मतभेद झाला नाही. आमच्यातील एका सरांना मात्र मुळातच शंका होती. ते म्हणाले, "सतरा अंकांत सुडोकू होते असे मी वाचले आहे. इथे तर पंचवीस आहेत. मग उत्तर एकच यायला हवे." त्यांचे वाचन बरोबर होते, सतरापेक्षा कमी अंक देऊन एकच उत्तर असलेले सुडोकू होत नाही, हे डब्लिनमधील गणिती गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली संगणकावर सर्व शक्यता तपासून दाखवले. पण सतरा अंक पुरू शकतात, याचा अर्थ कोणतेही पंचवीस पुरतात असा होत नाही. मी त्यांना भरलेली जाळी दिली आणि ती चार घरे पुसायला सांगितली. ७७ अंक कागदावर शिल्लक होते आणि तरीही उत्तरे दोन होती. ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले.

मग त्या मुलीची पत्रिका पुढे आली. तिने ७७ घरे अचूक भरली होती आणि चार मोकळी सोडली होती. सूचनांत स्पष्ट छापले होते की एकही घर रिकामे असल्यास त्या कोड्याला गुण मिळणार नाहीत. नियम सर्वांना सारखा, असे एका बाईंचे म्हणणे होते, आणि ते गैर नव्हते. समासात काही लिहून गुण मिळतात असा पायंडा पडला, तर पुढच्या वर्षी समास भरून येतील, ही त्यांची भीतीही खरी होती. मी त्यांना त्याच सूचनांतील पहिली ओळ वाचून दाखवली : "प्रत्येक कोड्याला एकच उत्तर आहे." हा नियम आमच्यासाठी होता आणि तो आम्ही आधी मोडला होता. ज्यांनी चार घरे भरली, त्यांनी दोन शक्यतांपैकी एक उचलली होती. कागदावर जे होते त्यावरून जेवढे सिद्ध होते तेवढेच या मुलीने भरले होते आणि जिथे सिद्ध होत नव्हते तिथे ती थांबली होती. त्या छापील कोड्याचे बरोबर उत्तर कोणी लिहिले असेल, तर ते तिने लिहिले होते. अर्ध्या तासाने बाईंनी स्वतःच तिच्या पत्रिकेवर चाळीसपैकी चाळीस लिहिले.

गुण देता आले, वेळ देता आला नाही. निकालानंतर मी तिच्याशी बोललो, तेव्हा कळले की चार घरे अडल्यावर आपलेच काहीतरी चुकले असे समजून तिने सारे खोडले होते आणि कोडे पहिल्यापासून पुन्हा सोडवले होते. दुसऱ्यांदाही तिथेच येऊन थांबल्यावर मग तिने कागद फिरवून पाहायला सुरुवात केली. "पहिल्यांदाच का नाही वाटलं तुला, की कोडंच चुकलं असेल?" मी विचारले. ती म्हणाली, "सर, छापलेलं होतं ना."

या सगळ्यात तिची पंधराएक मिनिटे गेली. बारावे कोडे स्लिदरलिंकचे होते, ठिपके जोडून एकच बंद वळसा काढण्याचे, आणि त्याला सर्वांत जास्त गुण होते. तिच्या पत्रिकेवर तो वळसा अर्ध्याहून अधिक काढलेला होता आणि त्यात एकही रेघ चुकलेली नव्हती. अपूर्ण कोड्याला गुण नाहीत. इथे मात्र आमच्याकडून काही मोडलेले नव्हते, त्यामुळे बोलण्यासारखे काही उरले नाही. ती पाचवी आली. बक्षिसे पहिल्या तिघांना होती. कोणीतरी तिला खास बक्षीस देण्याची सूचना केली, पण तिने गमावलेल्या वेळेचा हिशेब एखाद्या कंपासपेटीने चुकता होईल असे मला वाटले नाही. मी व्यासपीठावर जाऊन सातवे कोडे सदोष होते, शेवटचे प्रूफ न सोडवता मी संमती दिली म्हणून ते तसे छापले गेले, आणि तो दोष कोणी व कसा शोधला, हे फळ्यावर जाळी काढून सांगितले. कागद उलटा करण्याची गोष्ट सांगितली, तेव्हा सभागृहातील बहुतेक मुलांनी आपापले कागद उलटे धरून पाहिले.

त्या दिवसापासून मी छपाईला जाणारे शेवटचे पान, ज्या अंकांत आणि ज्या आकारात मुलांच्या हाती पडणार असेल तसेच कागदावर घेऊन, पेन्सिलीने पहिल्यापासून सोडवतो. बारा कोड्यांना एक अख्खा दिवस लागतो. कोडी माझीच असल्यामुळे उत्तरे आठवतात आणि हात आपोआप पुढे धावतो. म्हणून प्रत्येक अंक ठेवण्यापूर्वी तो कशावरून आला, हे शेजारी लिहितो.

कार्यक्रम संपल्यावर मुले एसटी स्टँडकडे निघाली. ती मुलगी दप्तर पाठीला लावून परीक्षकांच्या खोलीच्या दाराशी आली आणि आपली पत्रिका एकदा पाहायला मिळेल का, असे तिने विचारले. मी ती काढून दिली.

"सर, तो राहिलेला अंक कोणता होता?"

"तीन."

तिने दाराच्या चौकटीवर कागद टेकवला, (६,७) मध्ये ३ लिहिला, त्यानंतर (६,२) मध्ये ७, मग वरच्या ओळीतील दोन घरे भरली, आणि पत्रिका माझ्या हातात देऊन ती धावत गेली.