दुसऱ्या एमआरआयमध्ये तुकडा नव्हताच

माझ्या एका रुग्णाच्या कंबरेच्या शेवटच्या मणक्याखालून (एल५-एस१ मधून) निसटून खाली उतरलेला, पहिल्या फिल्मवर ठळक दिसणारा चकतीचा, म्हणजे मणक्यांमधल्या गादीचा, तुकडा शस्त्रक्रियेविना नाहीसा झाला होता. असं होतं हे मला ठाऊक आहे. तरी दोन्ही फिल्म्स शेजारी लावून मी बराच वेळ बघत राहिले.

वजन उचलताना त्याच्या कंबरेत चमक भरली, दुसऱ्या दिवशी कळ पोटरीतून तळपायात उतरली. माझ्याकडे फिजिओथेरपीला आला तो एका बाजूला झुकलेला, भेदरलेला. 'गादी सरकलीय, नस दबलीय' म्हणून त्याने अंथरूणच धरलं होतं, कारण कुणीतरी 'पूर्ण विश्रांती' लिहून दिली होती. हा सल्ला अजून दिला जातो याचा मला मनापासून राग येतो.

फिल्म बाजूला ठेवून आधी धोक्याच्या खुणा विचारल्या: लघवी अडते का, मांड्यांच्या मधे बधिर वाटतं का? नाही. उताणं झोपवून पाय सरळ उचलला, तर ३० अंशांवरच ओरडला. मग दुखऱ्या पायाच्या चवड्यावर उभं केलं. एस१ नसेची ताकद इथे कळते. थरथरत का होईना, टाच वर गेली. माझा जीव भांड्यात पडला.

नुसत्या दाबाने मुख्यतः बधिरपणा येतो. ही आग दाहाची. चकतीतला गर बाहेर आला की शरीर त्याला परका समजतं, टीएनएफसारखी रसायनं सुटतात, नसेचं मूळ चिडतं. पण त्याच दाहाबरोबर नव्या रक्तवाहिन्या आणि मॅक्रोफेज पेशी तिथे पोचतात आणि तो गर खाऊन टाकतात. म्हणूनच पूर्ण सुटलेला तुकडा बरेचदा साध्या फुगवट्यापेक्षा आधी विरतो. रुग्णाला हे कुणी सांगत नाही. त्याच्या हाती पडतो तो फक्त घाबरवणारा रिपोर्ट.

"मग मॅडम, दाह कमी करायच्या गोळ्या घेतल्या ते चुकलं का?" त्याने विचारलं. २०२२ मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं, की तीव्र कंबरदुखीत सुरुवातीला ज्यांच्या न्यूट्रोफिल (दाहात भाग घेणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) जोरात कामाला लागल्या त्यांचं दुखणं थांबलं. उंदरांना डेक्सामेथासोन किंवा डायक्लोफेनॅक ही दाह कमी करणारी औषधं दिल्यावर मात्र दुखणं लांबलं. तेवढ्यावरून माणसांच्या गोळ्या बंद करणं मला पटत नाही. त्या गोळ्यांमुळेच तो रात्री झोपला आणि सकाळी चालला. तसंच त्याला सांगितलं. पण गोळ्या किती दिवस, हे आता प्रत्येक रुग्णाच्या डॉक्टरांना मी फोन करून विचारते.