जिप्सी, स्पीडुइनो आणि ३६ वजा १ दात

आमची कार्बोरेटरवाली जिप्सी, १२९८ सीसीची. ती शेतात आणि ऑफरोडिंगला चालते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे खाली सांगतोय तसले बदल मंजुरीशिवाय करता येत नाहीत, म्हणून हे काम झाल्यापासून ती सार्वजनिक रस्त्यावर आणलेली नाही. तिला इंजेक्शनचं मॅनिफोल्ड, वेस्टेड स्पार्कच्या कॉइल (एक कॉइल एकाच वेळी दोन सिलिंडरला ठिणगी देते, त्यातली एक वाया जाते) आणि स्पीडुइनो बसवला. स्पीडुइनो हा आर्डुइनो मेगा २५६० बोर्डवर चालणारा ओपन सोर्स ईसीयू, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा इंजिनाचा कॉम्प्युटर.

गाडी सुरू झाली, आयडलिंगही बरं. पण ३००० आरपीएमच्या पुढे मिसिंग, झटके, मधूनच सायलेन्सरमध्ये फटाका. गॅरेजमधले वायरमन काका म्हणाले, "अहो, पेट्रोल कमी पडतंय. वाढवा की." लॅपटॉपवर पेट्रोलचं टेबल (मॅप) समोरच असतं, आकडे वाढवायला हात शिवशिवतात. मी आधी लॉग, म्हणजे ईसीयूने चालता चालता टिपलेली नोंद, उघडला.

लॉगमध्ये आरपीएमची रेघ सरळ चढत जाऊन एकदम शून्यावर पडत होती आणि पुढच्याच क्षणी परत वर. फ्लायव्हील इतक्या झटकन थांबूच शकत नाही. म्हणजे इंजिन फिरत होतं, ईसीयूला ते दिसत नव्हतं. सिंक लॉसचा, म्हणजे ईसीयूला क्रँकची जागा किती वेळा हरवली त्याचा, आकडाही दर झटक्याला वाढत होता. पेट्रोलचा यात काही दोष नव्हता.

क्रँक पुलीवर लेथवर करून घेतलेलं ३६ वजा १ चं चाक आहे: ३६ दातांची जागा, एक दात गाळलेला. त्या रिकाम्या जागेवरून ईसीयू क्रँक कुठे आहे ते ओळखतो. ट्यूनरस्टुडिओ या ट्यूनिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या टूथ लॉगरमध्ये (दोन दातांमधला वेळ पट्टीने दाखवतो) सारख्या उंचीच्या पट्ट्या आणि दर फेरीत एकच दुप्पट उंच पट्टी दिसायला हवी. मला शेजारी शेजारी दोन मध्यम पट्ट्या दिसल्या. दात मोजणाऱ्या चुंबकीय व्हीआर सेन्सरच्या दोन वायरी उलट्या असल्या की असंच दिसतं. सेन्सर भंगारातून आणलेला, वायरींचे रंग केव्हाच उडालेले. दोन्ही वायरींची अदलाबदल केली आणि तो उंच खांब एकटा उभा राहिला. तो बघून झालेला आनंद मी विसरणार नाही.

थोडा सिंक लॉस अजून उरला होता. सेन्सरच्या केबलची जाळी दोन्ही टोकांना अर्थ केलेली होती, ती फक्त ईसीयूच्या बाजूला ठेवली. प्लग रेझिस्टरवाले टाकले. मग आकडा शून्यावर थांबला. आता टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा. ईसीयूमध्ये टायमिंग १० अंशांवर लॉक करून रेस दिली, खूण जागची हलली नाही. मॅपला हात लावायचा तो यानंतरच, असं माझं ठाम मत आहे. स्पार्क कधी पडतोय याची खात्री नसताना मिक्श्चर जुळवण्यात अर्थ नाही.

पुढची पायरी इंजेक्टरच्या डेड टाइमची, म्हणजे करंट मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंत जाणाऱ्या वेळेची. हेडलाइट आणि ब्लोअर लावून व्होल्टेज पाडलं की आयडलवर मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) व्हायचं. व्होल्टेजचं करेक्शन वाढवल्यावर लाइट लावली काय, न लावली काय, लॅम्डा (मिक्श्चरमधली हवा गरजेच्या किती पट आहे तो आकडा) तोच राहिला.

लॅम्डा म्हणतोय त्यालाही कारण आहे. पंपावर हल्ली ई२० मिळतं. वजनाने एक भाग शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) साधारण १३.५. पण वाइडबँडचं (एक्झॉस्टमधून मिक्श्चर मोजणारा सेन्सर) पेट्रोलसाठी बनवलेलं गेज ई२० लाही लॅम्डा १ ला १४.७ च दाखवतं, तिथे १३.५ धरायला गेलात तर घोळ होतो. लॅम्डा १ मात्र कुठल्याही इंधनाला १ च. क्रूझला १ च्या आसपास, फुल थ्रॉटलला ०.८६ धरलं. पडीक रानातल्या लांब पट्ट्यावर मी गाडी हाकायचो, भाचा शेजारी लॅपटॉप घेऊन "मामा, तेवढ्यावरच धरा" म्हणत टेबलातला एकेक चौकोन भरायचा. इग्निशन मुद्दाम मागे (ठिणगी थोडी उशिरा) ठेवलंय. पिस्टन फुटण्यापेक्षा थोडी ताकद कमी चालेल.

कोल्ड स्टार्ट अजून बाकी आहे. थंड इंजिन सकाळी एकदाच मिळतं. एकदा तापलं की तो चौकोन दुसऱ्या दिवसावर. १० अंशांच्या खालचे चौकोन तर डिसेंबरातच भरता येतील.