न्यू रिव्हर: थर्मंडहून नको, क्युनार्डहून उतरा

ऑगस्टमध्ये वेस्ट व्हर्जिनियात न्यू रिव्हरवर राफ्टिंगला जाणार असाल, तर पैसे भरायच्या आधी एकच विचारा: राफ्ट पाण्यात कुठे उतरवणार? 'थर्मंड' असं उत्तर आलं तर सरळ नाही म्हणा. आम्ही हे विचारलं नाही आणि शनिवारची अख्खी सकाळ वाया घालवली.

नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटहून आम्ही चौघं आय-७७ महामार्गाने शुक्रवारी निघालो आणि रात्री दरीजवळच्या फायेटव्हिल गावात मुक्काम केला. प्रवास सोपा आहे, वाटेतल्या टर्नपाइकचा (टोल रस्त्याचा) टोल तेवढा लागतो. नदीच्या दरीत मात्र फोनला रेंज मिळत नाही, तेव्हा नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा.

जाहिरातीत लिहिलं होतं 'लोअर न्यू, फुल डे', म्हणजे नदीचा खालचा टप्पा, दिवसभर. हाफ डेपेक्षा बरेच जास्त पैसे होते, म्हणून आम्ही धरून चाललो की रॅपिड्सही (खळाळत्या पाण्याचे टप्पे) तेवढेच जास्त असणार. तसं अजिबात नाही. कीनी ब्रदर्स, डबल झी, ग्रेहाउंड बस स्टॉपर ही मोठी नावं सगळी क्युनार्डच्या खाली, शेवटच्या निम्म्या भागात आहेत. थर्मंड ते क्युनार्ड पाणी संथ, त्यात उन्हाळ्याच्या शेवटी ते उतरलेलं, आणि समोरून वारा. वल्ही थांबवली की राफ्ट जागच्या जागी उभी. सकाळभर आम्ही नुसती वल्ही मारली. एका खडकावर ग्रेट ब्लू हेरॉन उभा होता, आपल्या राखी बगळ्यापेक्षा थोराड, आणि तो बराच वेळ आमच्या नजरेसमोरून हलेना, इतके आम्ही हळू चाललो होतो. खरे रॅपिड्स आले तोवर खांदे गेले होते.

वर वेटसूटचं (थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाचं) भाडं वेगळं. ऑगस्टमध्ये इथलं पाणी कोमट असतं, वेटसूट लागत नाही. काउंटरवर गळ्यात मारला तर घेऊ नका. फोटोंचेही पैसे वेगळे, आणि हे परत आल्यावर सांगतात. बुकिंग करतानाच सगळा आकडा लेखी मागून घ्या.

कोलाडला कुंडलिकेवर जाऊन आलेल्यांची इथे हमखास फसगत होते, माझीही झाली. तिथे भिऱ्याच्या वीज प्रकल्पातून पाणी सुटतं, म्हणून भर उन्हाळ्यातही नदी वाहती मिळते. न्यूचं तसं नाही. वर हिंटनला ब्लूस्टोन धरण आहे, पण ते मुख्यतः पूर अडवायला बांधलेलं. पाणी किती मिळणार हे वरच्या पावसावर ठरतं, आणि वरचा पाऊस म्हणजे थेट नॉर्थ कॅरोलायनातला, कारण ही नदी तिथे उगम पावून व्हर्जिनियातून उत्तरेकडे वाहत येते. थर्मंडला यूएसजीएस या सरकारी भूवैज्ञानिक संस्थेचं पाणी मोजायचं केंद्र आहे, त्याचा आकडा इंटरनेटवर दिसतो. निघायच्या आदल्या दिवशी तो बघाच. कुंडलिकेसारखं सोडलेलं पाणी हवं असेल तर शेजारची गॉली नदी आहे. लेबर डेनंतरच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) शुक्रवारपासून समर्सव्हिल धरणातून ठरलेल्या दिवशी पाणी सोडतात. पण अपर गॉली, म्हणजे तिचा वरचा टप्पा, पाचव्या, म्हणजे फार अवघड श्रेणीची आहे, पहिल्यांदा राफ्टमध्ये बसणाऱ्यांनी तिकडे जाऊ नये.

आणि पाणी कमी म्हणजे धोका कमी, हे डोक्यातून काढून टाका. कड्यांवरून कोसळलेले घराएवढे वालुकाश्म पात्रात पडलेत, आणि त्यातले कितीतरी खालून पोखरलेले आहेत. पाणी त्यांच्या खालून निघून जातं, माणूस अडकतो. डबल झीमध्ये राफ्ट दगडावर आडवी चढली आणि आमच्यातला एक जण बाहेर फेकला गेला. घाबरून तो उभा राहायला बघत होता. गाइड घसा फोडून ओरडली, "पाय वर!" वाहत्या पाण्यात उभं राहिलं की पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि पाणी माणसाला आडवं करतं. पाठीवर पडायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पाण्याच्या वर ठेवायचे. त्याने तसं केलं, गाइडने दोर फेकला, आणि तो राफ्टवर आला तेव्हा त्याच्या ओठांचा रंग गेला होता. तरी क्युनार्डच्या खालचा तो भाग मी आयुष्यात विसरणार नाही. लोअर कीनीत जशी लाट अंगावर आली होती, तसं कोलाडला काहीच नाही.

रविवारी केमूरची पायवाट केली, ती दुसरी चूक. १९६२ मध्ये बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीपर्यंत आधी खडा उतार, मग नदीकाठच्या अवशेषांपर्यंत ८२१ लाकडी पायऱ्या. सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे एरवी अवघड नाही, पण राफ्टिंगच्या दुसऱ्या दिवशी परतीच्या चढाला मांड्या थरथरतात. खाणीच्या पातळीपर्यंत जा आणि वळा. त्यापेक्षा एंडलेस वॉल ही कड्यांवरची पायवाट करा, त्या कड्यांवर पेरेग्रीन ससाणे घरटी करतात, दुर्बीण न्या.

हा सगळा भाग न्यू रिव्हर गॉर्ज नॅशनल पार्कमध्ये येतो, आणि पार्कला प्रवेश फी नाही. पार्कच्या साध्या कॅम्पग्राउंड्सलाही पैसे पडत नाहीत, पण तिथे पिण्याचं पाणी नाही, पुरेसे कॅन गाडीत टाका. काठावर खेळताना मुलांना चपटे दगड उलटू देऊ नका. त्यांच्याखाली हेलबेंडर राहतो, दोन फुटांपर्यंत वाढणारा सॅलमँडर, आणि दगड हलला की त्याचं घर जातं. तापलेल्या खडकावर हात ठेवण्याआधी बघा, कॉपरहेड साप ऊन खात पडलेला असू शकतो.

राफ्टिंग संपतं ते फायेट स्टेशनला, ८७६ फूट उंचीच्या पुलाच्या जवळच. हा पूल १९७७ मध्ये झाला. त्याआधी दरी ओलांडायला ४० मिनिटं लागायची, आता एक मिनिटही लागत नाही. तो जुना रस्ता अजून चालू आहे, अरुंद, एकेरी, सगळी वळणं. लहान गाडी असेल तर संध्याकाळी नक्की उतरा. खाली नदीशी गाडी थांबवून काच खाली करा. वरून ट्रक गेला की आधी पुलाचा धडधडाट ऐकू येतो, मग पाण्याचा आवाज परत येतो.