पैठणीचा लेहेंगा शिवताय? आधी काठाकडे बघा

लग्नसराई जवळ आली की माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या मुलींचा ठरलेला प्रश्न असतो, ताई, पैठणीचा लेहेंगा करायचाय, साडी कापली तर चालेल का? शेजारी आई बसलेली असते आणि "कापली" ऐकूनच तिचा चेहरा उतरतो. मला खरं तर दोघींचंही पटतं, मुलीला तिच्या लग्नात तिला आवडेल ते घालायचंय आणि ते आपल्याच मातीतलं असावं असं वाटतंय, ही किती छान गोष्ट आहे! फक्त कापड कसं विणलंय ते बघून शिवलं तर दोघींचं समाधान होतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

पैठणीचा काठ वरून लावलेला नसतो, तो कापडाबरोबरच विणला जातो. कडियाल पद्धतीत तर तीन धोटे (आडवा धागा नेणारे) चालतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक, आणि दर फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून मागे फिरवतात. त्यामुळे काठ कायम सरळ रेषेत जाणार. आणि सध्या फॅशन आहे कळ्यांच्या लेहेंग्याची, वर अरुंद खाली रुंद अशा कळ्या, म्हणजे खालची कड गोल. सरळ काठ गोल बसवायचा तर तो आधी कापून वेगळा काढावा लागतो, मग गोलाईत बसवताना जागोजागी झोळ येतो, कापलेल्या कडेचं रेशीम सुटायला लागतं आणि अंगावरच्या बुट्ट्या कळीच्या शिवणीत अर्ध्यावर तुटतात. विणकराने इतके दिवस बसून केलेलं काम आपण एका दुपारी कात्रीने तोडतो, मला ते बघवत नाही.

याचं उत्तर आपल्याकडे आधीपासून आहे की, परकर-पोलकं! कापड आडवं धरायचं, काठ खाली, आणि वर कमरेला चुण्या. साडेपाच मीटरच्या साडीतून पदर बाजूला ठेवला तरी चार-साडेचार मीटरचा घेर मिळतो, काठ सलग राहतो, नारळी काठ असो की बांगडीच्या गोलातला बांगडी मोर, एकही नक्षी तुटत नाही. वरच्या बाजूचा काठ उंची कमी करताना निघतो तो पोलक्याच्या बाह्यांना लागतो. रेशीम फुगून कमरेशी जाड दिसेल अशी भीती बऱ्याच जणींना वाटते, तर गोळा चुण्या न घालता चपट्या प्लेट्स घालायला सांगा आणि वरची सहा-सात इंच प्लेट शिवून टाका, खूप फरक पडतो.

अर्थात त्याहून चांगलं म्हणजे साडी न कापता कापड विणूनच घेणं. येवल्यात आता ओढण्या, लेहेंग्याचं कापड, नवऱ्याच्या जॅकेटचं कापड असं ऑर्डरप्रमाणे विणून मिळतं, आणि रंगही फक्त जांभळा-हिरवा-राणी नाही, पिस्ता, लॅव्हेंडर, पीच सगळं. पेस्टल पैठणीला नाकं मुरडणारे भेटतात पण मला त्या मनापासून आवडतात, ताण्याचा म्हणजे उभ्या आणि बाण्याचा म्हणजे आडव्या धाग्याचा रंग वेगळा असला की फिक्या रंगातसुद्धा अशी धूपछाव येते की हलताना कापड जिवंत वाटतं. विकत घेताना मात्र पदर उलटा करून बघाच. हातमागावर पदरातला प्रत्येक मोर, प्रत्येक मुनिया (छोटा पोपट) छोट्या छोट्या कांड्यांनी रंग बदलत विणतात आणि धागे एकमेकांत गुंतवतात, म्हणून मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे धागे लोंबत किंवा कापलेले दिसले तर ती पॉवरलूमची समजा. ती घेऊच नका असं नाही, बजेट प्रत्येकाचं वेगळं असतं, पण हातमागाचे पैसे देऊन पॉवरलूमची आणू नका.

आता आरी वर्क, कारण हल्ली नवरीचा ब्लाउज त्याशिवाय होतच नाही. आकडीच्या सुईने अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणलेल्या कापडावर हे काम होतं, कच्छमधल्या मोची लोकांच्या चामड्यावरच्या आरीतून आलेलं, आणि आज आपल्याकडे गावोगावी बायका शिकून त्यावर घर चालवतायत, याचा मला फार अभिमान वाटतो. पण पाठीवर डोली, बाहीवर नवरा-नवरीची चित्रं आणि नावं असलं की तो ब्लाउज पुन्हा कधी घालणार? नावं लटकनवर नाहीतर शेल्याच्या कडेला काढा, आणि ब्लाउजवर तुमच्याच पदरातली नक्षी घ्या, एखादी आसावलीची वेल, एखादी मुनिया. अजून एक, डाव्या खांद्यावर खडे-कुंदन अजिबात नको, तिथे पदराच्या निऱ्या बसतात, पिन लागते, आणि दिवसभरात खड्याच्या कडांनी पैठणीचे धागे ओढले जातात. तिथे सपाट रेशमाची साखळी पुरे. शिवणीच्या जागेवर मणी नकोत, मशीनची सुई तुटते, म्हणून आरीवालीकडे कापड देण्याआधी टेलरकडून मापाचं मार्किंग करून घ्या.

आईची जुनी पैठणी असेल तर ती न कापता वापरा. ईशा अंबानीने २०१८ मध्ये लग्नात नवीन लेहेंग्यावर आईच्या लग्नातली साडी ओढणीसारखी घेतली होती, आणि आलिया भटने लग्नातली साडी २०२३ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार घेताना पुन्हा नेसली. त्यांच्याकडे काय कमी आहे, तरीही. घडीवर विरलेली असेल तरच पदर वेगळा काढून मऊ रेशमी ओढणीच्या टोकांना जोडा, ओढणीला खालून अस्तर द्या म्हणजे जुन्या जरीवर भार येत नाही.

पैठणीशिवायही बघा हं. भंडारा-नागपूरकडची टसरची करवती हळदीला काय सुंदर दिसते, हलकी आणि काठाला ते दाते. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण पोलक्याला आहेच, पन्हा अरुंद असतो तेवढं टेलरला आधी सांगा. नवऱ्याच्या शेरवानीला संभाजीनगरचं हिमरू (रेशीम आणि सुताचं नक्षीदार कापड), त्याचे माग आता मोजकेच उरलेत म्हणून तर मुद्दाम विचारा.

ऑर्डरचं वेळापत्रक सांगते. साध्या पदराची पैठणी महिनाभरात होऊ शकते, भरजरी ब्रोकेडला सहा-आठ महिने, कधी वर्षसुद्धा, आणि विणकराला घाई केली की काम बिघडतं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल तर उन्हाळ्यातच रंग ठरवा, लेहेंगा करायचा असेल तर स्वतःची उंची आणि घेर आधी टेलरकडून मोजून घ्या आणि विणकराला तीच मापं द्या, वर ब्लाउजसाठी एक मीटर जास्तीचं सांगा.